हुप्प्या आठवतो, मावश्या आठवत नाहीत

बायकांच्या नोकरीवरून वाद पेटला की कुणीतरी हमखास माकडांना मध्ये आणतं. "निसर्गातच बघा ना, पिल्लू आईच सांभाळते." असं म्हणणाऱ्याने वानरांची टोळी तासभरही बघितलेली नसते.

बरं, दाखला द्यायचाच झाला तर तो हुप्प्याचा, म्हणजे वानरटोळीच्या म्होरक्या नराचा. ते खरंही आहे. 1960च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ नोंदवलं, की बाहेरचा नर टोळी बळकावतो तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं मारली जातात. अमेरिकन संशोधक सारा हर्डी 1971 साली राजस्थानातल्या अबूला आल्या त्या याचाच छडा लावायला. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचं फावतं, असा अर्थ त्यांनी लावला. हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, मारामारी आहे ना त्यात!

पण त्याच टोळीत नवजात पिल्लू या मादीकडून त्या मादीकडे फिरत असतं. राखाडी मोठ्यांमध्ये ते काळपट पिल्लू लांबूनच उठून दिसतं. कोवळ्या माद्यांना ते धड धरताही येत नाही. पिल्लू उलटंसुलटं लोंबतं, किंचाळतं आणि आई तोवर पाला खाऊन घेते. (बाळंतिणीला दोन घास सुखाने मिळणं म्हणजे काय, ते कुठल्याही आईला विचारा.)

चिंपांझीची आई मात्र पहिले काही महिने पिल्लू कुणाच्या हाती देत नाही. तिच्या दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षं जातात. माणसाचं पोर त्याहून जास्त काळ परावलंबी, तरी शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत पुढचं मूल तीन-चार वर्षांत होतं. एकट्या आईला हे झेपेल? टांझानियातल्या हाद्झा जमातीतल्या आज्या कंद खणून नातवंडांना जगवतात, हे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी दाखवलं. हर्डी तर म्हणतात, अनेक हातांत वाढणाऱ्या पोराला समोरच्याचं मन ओळखावंच लागतं, माणसाचा समंजसपणा त्यातूनच घडला. हा तर्क आहे, पण हुप्प्याच्या दाखल्यापेक्षा मला तो जास्त पटतो.

आपल्याकडे माहेरचं बाळंतपण, आजीच्या हातचं न्हाऊ-माखू हेच तर आहे. यातून सुटतो तो बाप. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट माकडांत तो जुळी पोरं पाठीवर घेऊन हिंडतो. हाही दाखला द्या की कधीतरी! आपल्या कायद्यात खासगी नोकरीतल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे रजा आहे, बापाला एक दिवसही नाही.