अंगठ्याची गैरहजेरी

गेल्या मंगळवारी मी सुमारे दोन तास हयात नव्हतो. निवृत्तिवेतनधारकाने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्या यादीवर त्यासाठी सही करायची, ती कोषागाराची यादी बँकेत आलेली नव्हती, आणि 2014 पासून हा दाखला अंगठ्यावरही निघत असल्याने खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करताच मला शेजारच्या सेवा केंद्रात पिटाळले.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, त्या चिंचोळ्या गाळ्यात मी पाच वेळा अंगठा दाबला. "गुरुजी, घेईना गेलंय," यंत्रावरचा मुलगा म्हणाला. तेहतीस वर्षे खडू धरला आणि आता कातडी कोरडी पडली, तेव्हा रेषा झिजल्या असतील, हे मलाही कळते.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका टोपीवाल्या आजोबांनी माझ्या अंगठ्याचा ताबा घेतला. त्यांनी आधी तो डोक्याच्या केसांवर घासायला सांगितला, आणि माझ्या डोक्यावर घासण्याजोगे काही उरलेले नाही हे ध्यानात येताच टोपी काढून स्वतःचे तेल लावलेले डोके उदारपणे पुढे केले. मी घासला, नकार देण्याइतका वेळच मिळाला नाही. मग नाकाच्या शेंड्यावर घासून झाला. मग त्यांनी चंचीतून चुन्याची डबी काढली, थोडा विचार केला आणि परत ठेवली. "आवं, लई दाबू नका, अंगठा भ्यायलाय तुमचा. हे बघा," असे म्हणून त्यांनी स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकवला, तर यंत्राने तो विनातक्रार घेतला. वास्तविक त्यांचे तिथे काहीही काम नव्हते. "घरी सून टीव्ही लावती, म्हून इथं येऊन बसतो," असे त्यांनी सांगितले. शटर उघडल्यापासून पडेपर्यंत, रोज. शंभर टक्के हजेरीचा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो आणि त्याचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. "मंग तुमच्या नावानं माझाच लावू का?" त्यांनी विचारले.

दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणाऱ्या पोरांचे कान मी पिळले आहेत, त्यामुळे मला घाम फुटला. हजेरी हा आमच्यासाठी कधीच नुसत्या हाळीचा विषय नव्हता. दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप निघाले की पोरे त्यांच्याबरोबर जात आणि निम्मा वर्ग ओस पडे. त्यांना आजीजवळ ठेवा म्हणून आम्ही दारोदार विनवण्या करत असू. मुलींना दररोज 1 रुपया उपस्थिती भत्ता मिळे, त्याच्या नोंदी रात्री जागून लिहिल्या आहेत. पटावरची पोरे खरोखर आहेत का हे मोजणारी, नांदेडहून सुरुवात झालेली पटपडताळणी 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर झाली, तेव्हा एकच पोर दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लागली. तो अपमान आमच्याच काही बांधवांनी ओढवून घेतला होता, हेही कबूल करतो. परंतु नाव पुकारल्यावर मी आधी पोराच्या तोंडाकडे पाहत असे आणि मगच टिंब देत असे. इथे बँकेतल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही आणि यंत्राला डोळेच नव्हते. माणूस समोर उभा राहून खोकतो आहे, एवढा पुरावा या देशात पुरू नये?

शेवटी मुलाने मोबाइल माझ्या चेहऱ्यासमोर धरला. "गुरुजी, डोळे मिचकवा." ई-केवायसीसाठी रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ बायकांदेखत, ज्यांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी होत्या, मी डोळे मिचकावले. "जोरात मारा की!" आजोबा ओरडले. चौथ्या खेपेला मी हयात ठरलो. पैसे घेतले, कागद दिला.

काल बँकेतून फोन आला: यादी आली आहे, सहीसाठी समक्ष हजर राहावे. दाखला काढल्याचे मी सांगितले, तेव्हा तिकडून उत्तर आले, "तो आम्हाला अजून दिसत नाही." आज दुपारी जायचे आहे, आजोबांचा निरोप आला आहे की तेही सोबत येणार आहेत.