भाराभर चिंध्या, बरं मग?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशी वाचून राग आला होता म्हणून उत्तर दिलं नाही, आज परत वाचली आणि आता शांतपणे लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, जर्मन आणि जपानी एकाच वेळी शिकताना उत्साह कसा टिकवायचा यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, तीन वर्षांत माझी जर्मन बी१ आणि जपानी एन४ (जर्मनच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा सी२ पर्यंत चढत जातात, जपानी परीक्षेच्या एन५ पासून एन१ पर्यंत, म्हणजे एन४ खालून दुसरी), एकच भाषा धरली असती तर एव्हाना बी२ झाली असती, मोटिव्हेशन वगैरे सगळे चोचले आहेत खरी लागते ती शिस्त, आणि मी नवख्या लोकांना चुकीच्या रस्त्याला लावतेय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. "दोन्ही एकदमच सुरू करा, मजा येते" असं मी लिहून गेले होते. सुरुवातीला येतेच मजा. पण दोन्ही भाषा पहिल्या पायरीवर असल्या की दोन्हीकडे त्याच गोष्टी शिकवतात, आकडे, वार, मी सकाळी किती वाजता उठते, आणि मग जी खिचडी होते ती मी लेखात लिहिलीच नव्हती. माझ्या जर्मनच्या बाईंनी एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं की रविवारी काय केलंस, मी एक वाक्य नीट बोलले आणि "मग" म्हणायची वेळ आली तेव्हा "उंड डान" ऐवजी तोंडातून जपानीतलं "सोरेकारा" बाहेर पडलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. मला कळलंच नाही काय चुकलं, मी आपली पुढे बोलतच सुटले. गंमत म्हणजे मधे मराठी किंवा इंग्रजी कधी येत नाही, या दोघीच एकमेकींच्या जागेवर येऊन बसतात, जणू डोक्यात परक्या भाषांसाठी एकच खण आहे आणि हात घातला की वर असेल ते हाताला लागतं. शेवटी मी जपानी हिरागाना-काताकानापर्यंत, म्हणजे तिच्या दोन मूळ लिप्यांपर्यंत आणून बाजूला ठेवली, जर्मन ए२ झाली तेव्हा परत काढली, त्यानंतर हा घोळ बराच कमी झाला. तेव्हा तो सल्ला मागे घेते. एक भाषा जरा चालायला लागली की मगच दुसरी.

आता बी२चं. हिशोब तुमचा बरोबर आहे हो, पण तो कागदावरचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एफएसआय ही संस्था त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, त्यांच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला जपानीसाठी ८८ आठवडे म्हणजे वर्गातले २२०० तास लागतात, जर्मनला त्याच्या निम्म्याहून कमी. तिथे भाषा शिकणं हेच काम असतं, आणि आपण नोकरीतून रोज एक तास काढणारी माणसं, आपल्याला २२०० तास म्हणजे सहा वर्षं. आपल्याला थोडी सवलत मिळेल, मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी आणि "नो" म्हणजे आपला "चा-ची-चे", पण कान्जी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रलिपीची अक्षरं, काही सुटत नाहीत. सहा वर्षं एकाच भाषेवर रोज तेवढंच प्रेम राहील असं तुम्हाला खरंच वाटतं? माझं नाही राहिलं.

एन४ला मी डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसले आणि नापास झाले. १८० पैकी ९० लागतात, मला ८४. सहा मार्क! ऐकण्याचा पेपर बरा गेला होता, कान्जींनी घात केला. मात्सु म्हणजे वाट बघणं आणि मोत्सु म्हणजे हातात धरणं, दोन्हीच्या कान्जीत उजवीकडे तेच देवळाचं चिन्ह, फक्त डावीकडची बाजू वेगळी, आणि घड्याळ पुढे पळत असताना मला दोन्ही सारखेच दिसत होते. निकाल बघितला त्या रात्री मी जपानीची वही कपाटात वर टाकली आणि पुढचे दोन महिने फक्त जर्मन केलं, विशेषणांच्या शेपट्या, डेअर गूटं, आयन गूटर, आयनेम गूटन, ज्यांचा मला एरवी वैताग येतो (आपण स्वतः चांगला-चांगली-चांगलं-चांगल्या करतो ते सोडा), त्या मी शांतपणे पाठ करत बसले कारण निदान तिथे कोणी मला नापास केलं नव्हतं. जपानीची शब्द पाठ करायची रोज दहा कार्डं मात्र सोडली नाहीत, दहाच. मार्चमध्ये वही खाली आली, जुलैमध्ये पास झाले.

तुम्ही म्हणाल की एकट्या जपानीला सगळा वेळ दिला असता तर नापासच झाली नसतीस. असेलही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नापास झाल्यावर जायला दुसरी जागा नसती तर ती वही अजून वरच असती, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहितीये, कारण जर्मनसुद्धा त्याआधी एकदा, एकटीच असताना, मी चांगली आठ महिने सोडून दिली होती.

शिस्तीचंही सांगते. शिस्त होती माझ्याकडे, नको तितकी. आन्की या कार्डांच्या ॲपमध्ये रोज २० नवीन कार्डं हे मुळातच सेट केलेलं असतं, मी दोन्ही भाषांना तेच ठेवलं. २० नवीन म्हणजे काही आठवड्यांत रोजची दीड-दोनशे रिव्हिजन आणि दोन भाषा म्हटल्यावर डबल. चार दिवस तापाने पडले आणि ॲप उघडलं तर समोर हजाराच्या वर कार्डं. तेवढी बघून कुठली शिस्त टिकते हो? आता जी भाषा मेन आहे तिला १०, दुसरीला ३, आणि तीन-चार महिन्यांनी अदलाबदल.

आणि चोचले म्हणालात ना, ते चोचले मला हवेत. जर्मनमध्ये "अस्सं होय" ला "आख झो" म्हणतात आणि जपानीत "आ, सो", दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण "आरुबाइतो" म्हणजे पार्टटाइम काम, हा शब्द जपान्यांनी जर्मन "आरबाइट" वरून सरळ उचलला, आणि पेशंटच्या केसपेपरला ते "कारुते" म्हणतात तेही जर्मन "कार्टं", कारण मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, त्यांनी आधुनिक वैद्यकशास्त्र जर्मनांकडून घेतलं. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते. जर्मनमध्ये "वाइल" आलं की क्रियापद शेवटी पळतं, "वाइल इश म्यूडं बिन", कारण मी दमलेली आहे, वर्गातले बाकीचे तिथे अडखळायचे आणि मला मराठीमुळे आणि जपानीच्या सवयीमुळे ते आपलंच वाटायचं. एका भाषेवर राहिले असते तर यातलं निम्मं दिसलंच नसतं.

बाकी तुम्ही सहज लिहून गेलात की तुम्ही फक्त फ्रेंचच घेतली होती आणि ती ए२ नंतर सुटली. ती कशाने सुटली, नेमकं शेवटच्या महिन्यात काय झालं होतं, ते वेळ मिळेल तेव्हा लिहा ना. टोमणा नाही मारत, खरंच विचारतेय.