‘हौशी बॅटरीवाले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘कातळवाट’,

खवले मांजराच्या शोधात संगमेश्वर तालुक्यातल्या रानात काढलेल्या चार रात्रींवर लिहिलं होतं, त्याखालची आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. आपण म्हणता, “मुंबईहून येऊन रात्री रानात बॅटऱ्या फिरवणाऱ्या हौशी मंडळींनी गावाचं नाव छापून शिकाऱ्यांना आयती वाट दाखवली आहे. आणि खवले मांजर हे मांजर नसतं, एवढं तरी वाचून लिहा.”

शेवटचं आधी. मांजर नव्हे, मान्य. ‘मांजरकुळातला’ हा शब्द माझ्या हातून गेला, तो काढलाय. मुंग्या आणि वाळवीवर जगणारा, तोंडात एक दात नसलेला हा प्राणी वेगळ्याच गणातला आहे. आभारी आहे. (‘एवढं तरी’ न म्हणताही हे सांगता आलं असतं.)

आता ‘मुंबईहून येऊन’. राहतो डोंबिवलीत, लपवत नाही. पण दहावीपर्यंत त्याच वाडीत वाढलोय. मिरगाचा पाऊस पडला की बाबांच्या मागून पऱ्याला कुर्ल्या धरायला जायचो, हातात चूड, पायात काही नाही. अंगठ्यावर कुर्लीच्या नांगीचा वण अजून आहे, हवा तर फोटो टाकतो. तुम्ही कधी अमावस्येला सड्यावर गेलायत का? तुमच्या प्रोफाइलवर तर गणपतीपुळ्याचा सूर्यास्त तेवढा दिसला.

आणि ‘बॅटऱ्या फिरवणाऱ्या’! दोघांत एक बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद, तीही बहुतेक वेळ बंद. पहिल्या दोन रात्री डासांशिवाय कोणी भेटलं नाही. तिसऱ्या रात्री एका वारुळाच्या बुडाशी ताजं उकरलेलं दिसलं. माती अजून ओलसर, तिच्यात नखांचे खोल ओरखडे, फुटलेल्या कडेवर वाळवीची धावपळ. चौथ्या रात्री तिथेच गडग्याला टेकून बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास वाळक्या पानांतून आवाज आला, सुपात शिंपले घोळवावेत तसा. नाक जमिनीला लावून ते आलं, पाचेक हातांवर थांबलं, हुंगलं आणि गडग्यावरून पलीकडे उतरून गेलं. घाबरलं असतं तर जागच्या जागी चेंडू करून बसलं असतं. नाही केलं. फोटोसुद्धा काढला नाही मी. याला धुडगूस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

(तुम्ही ‘धुडगूस’ म्हटलं नव्हतं, पण सूर तोच होता.)

राहता राहिला गावाच्या नावाचा मुद्दा. शिकारी काय ब्लॉग वाचून निघतात? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तरी खवल्यांसाठी त्याला मारतातच, आणि ती खवलं म्हणजे आपल्या नखांतलंच द्रव्य. माझं तोंड बंद करून हे थांबणार आहे का? रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं. ते तोडून लाकडाचे ट्रक घाटावर जातात, त्यावर लिहिलेल्या माझ्या तीन लेखांखाली आपण कुठे दिसला नाहीत. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था या प्राण्यासाठी गावकऱ्यांना बरोबर घेऊनच काम करते. गावाला अभिमान वाटायचा तर गावाचं नाव यायला नको? असो. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही.

ता. क. : काल चुलतभावाचा फोन आला होता. बाइकवरून दोन अनोळखी माणसं वाडीत आली होती, बिळं कुठल्या अंगाला आहेत म्हणून विचारत होती. अभ्यासक असतील. गावाचं नाव मी लेखातून काढलंय. दादाने सांगितलं म्हणून काढलंय, आपल्या प्रतिक्रियेमुळे नव्हे.