‘डोस निम्मा करायला सांगा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

तीन आठवडे खोकणारी माझी मावशी छातीचा एक्स-रे न काढताच घरी परतली. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय: ‘एक एक्स-रे म्हणजे वर्षभराचं रेडिएशन. फोटो चांगला यावा म्हणून वाटेल तेवढा डोस देतात. निम्मा करायला सांगा, शिशाचा एप्रन मागा, नंतर दोन दिवस भरपूर पाणी प्या.’ मी रोज हेच मशीन चालवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पाण्याचं आधी उरकतो. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तशीच ही किरणं. एक्स्पोजर संपलं की संपली. धुऊन काढायला अंगात काही राहतच नाही.

वर्षभराचं रेडिएशन? माती, हवा, अवकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) मिळतंच. छातीच्या एक्स-रेचं सुमारे ०.०२, म्हणजे तीन दिवसांचं. सीटी स्कॅनचा डोस कितीतरी पट जास्त असतो, पण मावशीला सीटी सांगितलेलाच नव्हता.

खरा राग आला तो ‘निम्मा करा’चा. एमएएस, म्हणजे मशीन किती किरणं सोडतं ते ठरवणारा आकडा, निम्मा केला की डोस निम्मा होतो, हे खरं. पण प्लेटवर पोचणारी किरणंही निम्मीच. फोटोवर बारीक वाळू भुरभुरल्यासारखे दाणे उमटतात आणि फुफ्फुसातला छोटा डाग त्यात हरवतो. मग डॉक्टर म्हणतात, ‘परत काढा.’ निम्मा आणि वर पूर्ण, झाला दीडपट! परत काढलाच नाही आणि डाग नजरेतून सुटला, तर त्याहून वाईट. केव्ही, म्हणजे किरणांचा जोर, वाढवून एमएएस कमी करता येतो, आम्ही करतोही, पण त्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, जातो. म्हणून छातीचं सेटिंग वेगळं, बोटाच्या हाडाचं वेगळं. काय शोधायचंय त्यावर डोस ठरतो. भाव पाडून मागायची ही वस्तू नव्हे.

एप्रनचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एएपीएमनं, २०१९ मध्येच सांगितलं की रुग्णाच्या जननेंद्रियांवर किंवा गर्भावर सरसकट शिशाचं आवरण घालणं थांबवा. आवरण सेन्सरवर आलं तर ऑटो एक्स्पोजरचं, म्हणजे पुरेशी किरणं पोचली की आपोआप थांबणारं मशीन उलट जास्त किरणं सोडतं. लहान मुलाच्या खुब्याच्या फोटोत शिशाचा पांढरा तुकडा नेमका सांध्यावर आलेला मी पाहिलाय. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्याला मात्र एप्रन हवाच.

एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फोटो काळाकुट्ट यायचा, चूक तिथंच पकडली जायची. डिजिटलमध्ये जास्त डोसचा फोटो उलट नितळ दिसतो, म्हणून हात सैल सुटतो आणि डोस नकळत चढत जातो. दर वेळी एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे सेन्सरवर किती किरणं पोचली ते सांगणारा आकडा, बघणं, किरणांची चौकट हव्या तेवढ्याच भागावर आवळणं हे आमचं काम. त्यात कुणी आळस करत असेल तर जरूर विचारा.

मावशी, तू उद्याच जा. जुना एक्स-रे असेल तर सोबत ने. गळ्यातली साखळी काढून ठेव, आणि श्वास धरायला सांगितला की अजिबात हलू नकोस. हललीस तर फोटो पुसट येईल आणि दुसरा काढावा लागेल.