आधी परिपत्रक, मग इमारत

अभिनंदन. कुलसचिवपदाचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे आला. मूळचे तुम्ही वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, वसतिगृहाचे रेक्टर, शिवाय गेल्या वर्षीपासून परीक्षा विभागाचेही प्रभारी. तेव्हा अनुभव नाही असे कोणी म्हणायची सोय नाही. आदेशात ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असे लिहिले असेल. पुढील आदेश सहसा होत नाही. खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकून घ्या, शिपायाला चहा सांगा आणि हे वाचा.

विद्यापीठ लहान म्हणून मन लहान करू नका. मुंबई विद्यापीठ १८५७चे, त्याचा तोरा त्याला लखलाभ. सोलापूरला २००४ साली एका जिल्ह्याचे विद्यापीठ झाले, २०११ साली गडचिरोली आणि चंद्रपूर अशा दोन जिल्ह्यांचे गोंडवाना विद्यापीठ झाले. कायदा मात्र सगळ्यांना एकच, २०१६चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. म्हणजे अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, चार विद्याशाखा, चार अधिष्ठाते असा सगळा थाट मुंबईला जेवढा, तेवढाच आपल्यालाही. तिकडे तो सांभाळायला माणसे आहेत, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे सकाळी समितीने शिफारस करायची आणि दुपारी परिषदेने ती एकमताने मान्य करायची. एकमत होतेच, कारण दोन्हीकडे बसलेली माणसे तीच असतात. चहाही तोच, फक्त दुपारी बिस्किटे मिळतात.

पहिल्या आठवड्यातच एक परिपत्रक काढून टाका. विषय कोणताही चालेल. वर जावक क्रमांक, मग विषय, मग संदर्भ. संदर्भात मागच्या तीन परिपत्रकांचे क्रमांक द्यावेत, म्हणजे वाचणारा आधी ती शोधत बसेल. मजकुराचे वाक्य एकच असावे, पण पूर्णविरामापर्यंत पोचता पोचता माणसाला धाप लागली पाहिजे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ इथून निघावे आणि ‘तदनुषंगाने यथोचित कार्यवाही करावी’ इथे उतरावे. कोणी, काय, कधीपर्यंत, यांतले मध्ये काहीही येऊ देऊ नका. प्रिंट काढा, सही ठोका, शिक्का बरोब्बर तारखेवर मारा, मोबाइलवर तिरका फोटो घ्या आणि त्याची पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवा. फाइलला ‘फायनल नवीन २’ असे नाव द्यायची आपल्याकडे परंपरा आहे, ती मोडू नका.

परिपत्रकावर तारीख तीन, ते संकेतस्थळावर दिसणार नऊला आणि अर्ज भरायची मुदत सात. हा गोंधळ आहे असे बाहेरच्यांना वाटते. विलंब शुल्क आणि अतिविलंब शुल्क असे दोन वेगळे रकाने आपण कशासाठी ठेवले आहेत, हे त्यांना कोण सांगणार? तालुक्याच्या गावाहून एसटी पकडून आलेली मुलगी नऊ तारखेला खिडकीशी उभी राहील. ‘संकेतस्थळ रोज बघत जा’ असे तिला ऐकवायला खिडकीतल्या बाबूंना शिकवावे लागत नाही. तुम्ही फक्त जेवणाच्या सुट्टीची पाटी वेळेवर लागते ना, तेवढे पाहा.

आता खरे काम, परिसराचा आराखडा. इथे नवखा माणूस फसतो. कायद्यात जो पाच वर्षांचा बृहत आराखडा सांगितला आहे, तो कुठल्या भागात कोणते महाविद्यालय हवे, याचा. आपल्या आवारात ग्रंथालय कुठे आणि वसतिगृह कुठे, याचा आराखडा वेगळा. दोन्ही फायली एकाच लाल फडक्यात बांधून ठेवा. अधिसभेत कोणी ‘वसतिगृहाचे काय झाले’ असे विचारले, की महाविद्यालयांची प्रगती वाचून दाखवता येते आणि महाविद्यालयांबद्दल विचारले, तर वसतिगृहाचा नकाशा उलगडता येतो.

कुलगुरूंची मुदतही पाचच वर्षांची आणि ती पुन्हा मिळत नाही. आराखड्याची पाच वर्षे आणि कुलगुरूंची पाच वर्षे यांचा मेळ कधी बसत नाही. नवे साहेब पहिले वर्ष जुना आराखडा समजून घेतात, दुसऱ्या वर्षी तो बाजूला ठेवतात, तिसऱ्या वर्षी वास्तुविशारद नेमतात आणि चौथ्या वर्षी सादरीकरण होते. सादरीकरण मात्र चुकवू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या मुलखात नखशिखांत काचेची इमारत, पुढे कारंजे, गालिच्यासारखी हिरवळ आणि तिच्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली गोरी मुले. आपल्या आवारात अशी मुले नाहीत, लॅपटॉपही फारसे नाहीत आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, असले क्षुद्र मुद्दे त्या वेळी काढू नयेत. पाचव्या वर्षी निरोप समारंभ.

जागा मिळालीच, तर आधी सातबारा बघा. पूर्व विदर्भात असाल तर त्यावर ‘झुडपी जंगल’ असे लिहिलेले निघू शकते. शेताएवढ्या माळावर एक बाभूळ नसेना का, कागदावर जंगल म्हणजे जंगल आणि वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर १९८०च्या कायद्याने केंद्राची परवानगी लागते. हे वाचून हताश होण्याचे कारण नाही. परवानगीची वाट पाहण्याइतके निर्धोक प्रशासन दुसरे नाही. ती आली की प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा. तेवढ्यात दरसूची बदलते, खर्च फुगतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. निधीच्या योजनांचेही तसेच. २०१३ साली उच्च शिक्षणाला निधी देणारी केंद्राची रूसा योजना आली, २०२३ साली तिची पीएम-उषा झाली. आपण प्रस्तावाच्या मुखपृष्ठावरचे नाव बदलायचे. आत हात लावू नये, पानांचे क्रमांक चुकतात.

भूमिपूजनाला यांतल्या कशाचीच गरज नाही, हे लक्षात ठेवा. कुदळ, नारळ आणि मांडव एवढे पुरते. कोनशिलेला मात्र वेळ द्या, कारण सगळ्या आराखड्यात नियोजन म्हणावे असे काही असेल तर ते त्या काळ्या ग्रॅनाइटवर असते. आधी पालकमंत्री की उच्च शिक्षण मंत्री, खासदारांचे नाव कोणत्या ओळीत, न आलेल्या आमदारांच्या पुढे ‘प्रमुख उपस्थिती’ लिहायचे की ‘विशेष उपस्थिती’, व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांची अक्षरे किती बारीक केली तर ते रुसणार नाहीत. एवढी बारकाई इमारतीच्या नळजोडणीत कधी झाल्याचे ऐकिवात नाही. शिला झाडाखाली टेकवून ठेवा, भिंत झाली की तीत बसवता येईल.

मग नॅक, म्हणजे विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिची तपासणी करणारी पीअर टीम यायच्या आठवडाभर आधी नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणा आणि रॅम्प बांधून घ्या. नियमाने रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. आपल्याकडे ठेकेदाराला सायकल स्टँडमुळे दहाच फूट जागा मिळाली, म्हणून त्याने उरलेले सगळे चढात घातले. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि शिपाईसुद्धा कठड्याला धरून चढतो. रॅम्प जिथे संपतो, तिथे एक लोखंडी जाळीचे दार आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली भांडारपालाकडे असते. फोटो बाजूने घ्या, म्हणजे चढ दिसत नाही. जिओटॅग विसरू नका, नॅकला जागेचा पुरावा लागतो, चढाचा नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्याचे दोन मित्र शेजारच्या पायऱ्यांवरून रोज उचलून वर नेतात. सातव्या निकषात उत्तम प्रथा विचारतात, तिथे तो फोटो ‘सहकार्याची भावना’ म्हणून खपून जाईल.

निकालांची चिंता करू नका. तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावावेत, असे कायदा म्हणतो. नाहीच जमले तर कारणांसह अहवाल द्यायचा. अहवाल आपल्याला जमतो.

एवढे करूनही एखादा अर्ज येईलच. कोणीतरी माजी विद्यार्थी किंवा रिकामा पत्रकार माहितीच्या अधिकारात विचारेल की नियोजित ग्रंथालय नेमके कुठवर आले. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवसापर्यंत अर्जाला हात लावू नका. मग फाइल मागवून पाने मोजा. प्रस्ताव, सुधारित प्रस्ताव, नकाशे, इतिवृत्ते, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पूर्ततेतल्या त्रुटी. एवढी पाने त्या ग्रंथालयात पुढे पुस्तकांची तरी होतील की नाही कोण जाणे. दर पानाला दोन रुपयांप्रमाणे आकारणी कळवा आणि रक्कम आली की ‘परिसर विकास’ या शीर्षाखाली जमा करा. स्वनिधी उभारा म्हणून शासन सांगतेच आहे.