664 धावांवरून सचिन-विनोदला तोलू नका

दर काही महिन्यांनी तोच मजकूर कुणीतरी पाठवतं: ‘शाळेत विनोद कांबळीने सचिनपेक्षा जास्त धावा केल्या होत्या. तरी सचिनला थेट भारतीय संघात घेतलं आणि विनोदला संधीच दिली नाही.’ यात दोघांवरही अन्याय होतो, म्हणून लिहितोय.

धावांचा आकडा खरा आहे. फेब्रुवारी 1988, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी. शारदाश्रम शाळेकडून दोघांची 664 धावांची अखंड भागीदारी; विनोद नाबाद 349, सचिन नाबाद 326. पण फरक 23 धावांचा, आणि दोघांपैकी एकही बाद झालेला नाही! सहायक प्रशिक्षक डाव घोषित करायला सांगत होते आणि ही पोरं त्यांच्याकडे बघायचंच टाळत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सरांचा फोनवरून हुकूम आला, तेव्हा कुठे डाव संपला. विनोदला 350 साठी एक धाव हवी होती, तीही मिळाली नाही. मग त्याने गोलंदाजीत 37 धावांत 6 बळी घेतले, हे मात्र त्या मजकुरात कधीच नसतं. शिवाय विनोद तेव्हा नुकताच 16 पूर्ण झालेला, सचिन 14 वर्षांचा. त्या वयात सव्वा वर्षाचं अंतर थोडं नसतं.

‘थेट भारतीय संघात’ हे तर साफ खोटं. मधला अख्खा रणजी मोसम गाळलाय. डिसेंबर 1988 मध्ये वानखेडेवर गुजरातविरुद्ध पदार्पणातच सचिनने नाबाद शतक ठोकलं. त्या मोसमात 67.77 च्या सरासरीने 583 धावा, मुंबईकडून सर्वाधिक. नोव्हेंबर 1989 मध्ये इराणी करंडकात शेष भारताकडून नाबाद 103. दुसऱ्या टोकाला सहकारी गुरशरण सिंग मोडलेल्या हाताने उभा राहिला, म्हणून ते शतक पुरं झालं. एवढं केल्यावर पाकिस्तान दौरा. तिथेही कराचीत 15 धावांवर वकार युनूसने त्रिफळा उडवला आणि सियालकोटला त्याचाच चेंडू नाकावर बसला. रक्ताळलेल्या नाकाने सचिन खेळत राहिला, 57 धावा केल्या. याला वशिला म्हणायचं?

आणि विनोदला संधी मिळाली नाही? ऑक्टोबर 1991 मध्ये, 19 व्या वर्षी, तो शारजात पाकिस्तानविरुद्ध एकदिवसीय सामना खेळला. जानेवारी 1993 मध्ये कसोटी पदार्पण. लगेच वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, मग दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध 227, पुढे श्रीलंकेत 125 आणि 120. कसोटीत 1000 धावा अवघ्या 14 डावांत. ज्याला डावललं असं तुम्ही म्हणता, त्याने ही धावसंख्या कुठे उभी केली? त्याची कीव करण्याच्या नादात हे डाव विसरले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

1994 च्या वेस्ट इंडिज मालिकेत त्यांचा वेगवान गोलंदाज वॉल्शच्या आखूड टप्प्याच्या चेंडूंवर तो अडकला, हेही खरं. पण भांडायचंच असेल तर शाळेच्या मॅचवरून कशाला? 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20, आणि शेवटची कसोटी नोव्हेंबर 1995 मध्ये, कटकला. तेव्हा विनोद 23 वर्षांचा होता. त्यानंतर त्याला एकही कसोटी का मिळाली नाही, हे विचारा. त्या भांडणात मी तुमच्या बाजूने आहे.