लेकराची बॅग वाढत्या मापाची घेऊ नका

आपल्याकडं लेकरांसाठी सगळं वाढत्या मापाचं घ्यायची रीत आहे. गणवेश घेतला तर खाली चार बोटं दुमड, चप्पल घेतली तर एक नंबर मोठी. कापसाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो, मग घेतलेली वस्तू दोन-तीन वर्षं पुरावी असं वाटणारच. मीही आजवर तेच केलं. पण सहलीला पाठीवर न्यायची बॅग अशी घेऊ नये, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं, आणि ते माझ्या पोरीच्या खांद्यावर कळलं. आता सहलींचे दिवस आले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

ती तेव्हा चौथीत होती. सहल लोणारला जाणार होती. मी आठवडी बाजारातून कॉलेजची पोरं वापरतात तशी मोठी काळी बॅग आणली. आठवी-नववीपर्यंत पाहायला नको, असा विचार. रिकामी असतानाच ती तिच्या मांड्यांना लागत होती, तरी मी पट्टे आवळून ‘बसते’ म्हणाले. आणि बॅग मोठी असली की आपण ती भरतोच. चादर, स्वेटर, जास्तीचे दोन ड्रेस, तिखट पुऱ्यांचा स्टीलचा डबा, वर दोन लिटरची बाटली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

लोणारचं विवर काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. उतरायचं, पुन्हा चढायचं. बॅग मागं ओढत होती म्हणून ती सगळी वाट पुढं वाकून चालली, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. ती स्वतः काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना मला दोन्ही खांद्यांवर लाल वळ दिसले. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते पाहिले आणि म्हणाले, “बैलाचे खांदे आपन हळद-लोण्यानं शेकतो. या पोरीचे खांदे कोन पाह्यते?”

पोळ्याच्या आदल्या दिवशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणत पळसाच्या पानानं बैलाचे खांदे शेकणारी माणसं आपण. जू कुठं घासतं, खांदा कुठं सुजला, हे आपल्याला लांबून ओळखू येतं. ती नजर लेकराच्या पाठीकडं वळवायची, एवढंच करायचं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

यंदा तिला सोबत घेऊनच यवतमाळला गेले. मला एसटीत अर्धं तिकीट, तिलाही अर्धंच. लेकराला घरी ठेवून अंदाजानं बॅग आणणं म्हणजे पाय न पाहता जोडे आणणं. दुकानदार रंग दाखवत होते, कार्टूनची चित्रं दाखवत होते. मी त्यांना म्हटलं, दादा, आधी हिच्या पाठीवर घालून पाहू द्या. बॅगेचं वरचं टोक खांद्याच्या वर जाऊ नये आणि तळ कमरेच्या फार खाली लोंबू नये. दहा वर्षांच्या लेकराला १५ ते १८ लिटरची बॅग दोन-तीन दिवसांच्या सहलीला पुरते. दुकानात बॅग रिकामी घालून काही कळत नाही, म्हणून मी माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटल्या तिच्यात टाकल्या आणि पोरीला दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढ-उतर करायला लावल्या.

पट्टे रुंद आणि आत गादी असलेले हवेत. दोरीसारखे बारीक पट्टे खांद्यात रुततात. लहान लेकरांचे खांदे अरुंद असतात, पट्टे सारखे घसरतात, म्हणून छातीवर आडवा जोडपट्टा असलेली बॅग मी मुद्दाम शोधली. कमरेला पट्टा असेल तर चांगलंच, खांद्यावरचा भार कमरेवर येतो. आपल्या वेचणीच्या बाया कापसाची ओटी कमरेला बांधतात, डोक्या-खांद्यावर घेऊन वेचत नाहीत, त्यामागचं कारण हेच. पट्टा बॅगेला जिथं जोडलाय तिथं चौकोनात फुली मारल्यासारखी दुहेरी शिलाई आहे का, ते आतून उलटून पाहा. बॅग बहुतेक तिथंच उसवते. चेन पाच-सहा वेळा ओढून पाहा, कोपऱ्यावर अडकली तर ठेवून द्या. चाकांच्या बॅगेच्या नादी लागूच नका. ती रिकामीच जड असते, आणि आपल्या गिट्टीच्या रस्त्यावर किंवा एसटीच्या पायरीवर ती चाकं काय कामाची?

केंद्र सरकारचं शालेय दप्तर धोरण २०२० साली आलं. त्यात दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं आहे. ते शाळेच्या दप्तराचं झालं, पण सहलीच्या बॅगेला वेगळा खांदा थोडाच असतो? माझी पोरगी २७ किलोची, म्हणजे २ किलो ७०० ग्रॅमच्या वर काही नको. कापूस मोजायचा काटा घरात आहेच. बॅग भरून त्याला अडकवली तर साडेचार किलो! मग चादर काढली, पातळ शाल ठेवली. स्टीलच्या डब्याऐवजी पुऱ्या कापडात बांधल्या. बाटली एकच, एक लिटरची, आणि तीही पाठीला लागून, कारण जड वस्तू पाठीपासून लांब गेली की लेकराला मागं खेचते. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. नाव आणि फोन नंबर बॅगेच्या आत लिहिला, बाहेर नाही. बाहेर नाव दिसलं की कोणीही अनोळखी माणूस लेकराला नावानं हाक मारू शकतो.

यंदा सहल वेरूळ-दौलताबादची आहे. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे, काळोखातल्या पायऱ्या. तिथं दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हातातली पिशवी अजिबात दिली नाही. जे काय आहे ते पाठीवर.

शेवटी काटा २ किलो ६०० वर थांबला. तिनं बॅग घालून अंगणात चक्कर मारली, पाठ ताठ होती. मामाजी ओसरीवरून पाहत होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं, पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली आणि “जमलं” म्हणाले.

ती काळी बॅग भाच्याला दिली. तो बारावीत आहे, त्याच्या पाठीवर ती बरोबर बसते.